एक तास अकरा मिनिटं

रोज सकाळी न्याहारीची भांडी आवरली की लुवीनिया टॉलिव्हर हातमोजे धुवायची. पांढरे, सुती, मनगटाशी एक बटण असलेले. कोमट पाणी, साबणाचा हलका हात, दोनदा खळबळणं, शेवटी पातळ खळ. मग स्वयंपाकघराच्या खिडकीत दुधाच्या दोन रिकाम्या बाटल्या उभ्या करून त्यांच्यावर ती ते मोजे चढवायची. खळीने ताठलेली दहाही बोटं आभाळाकडे. रस्त्यावरून पाहणाऱ्याला वाटे, आत कुणीतरी दोन्ही हात वर करून उभं आहे.

कापसाच्या गोदामामागच्या गल्लीतून जाताना शेरीफची गाडी त्या खिडकीसमोर हळू व्हायची. लुवीनिया म्हणायची, "अख्ख्या कॉटर्स बेंडमध्ये न सांगता हात वर करणारं हे एकच घर. तरी मेल्यांचं समाधान होत नाही."

उपासना रविवारी आणि बुधवारी. मग मोजे रोज कशाला धुवायचे, असं शेजारणी विचारायच्या.

"दिवसभर हॉटेलच्या लॉन्ड्रीत परक्यांच्या चादरी धुते," ती म्हणायची. "एक वस्तू तरी माझी धुऊ दे की."

दुसरं बेथपेज बॅप्टिस्ट चर्चच्या दारावर ती एकोणीसशे बेचाळीस सालापासून उभी होती. 'दुसरं' का, तर पहिल्या बेथपेजमध्ये ऑर्गन घ्यावा की नाही यावरून आमच्या पणजोबांच्या पिढीत भांडण झालं आणि ऑर्गनवाले तावातावाने बाहेर पडले. पुढे पहिलं बेथपेज नदीच्या पुरात वाहून गेलं. गावात एकच बेथपेज उरलं, तरी ते दुसरंच राहिलं, कारण पाटी रंगवून झाली होती. ऑर्गन मात्र मी सांगते आहे त्या चौसष्ट सालापर्यंत आलेला नव्हता. एक पियानो होता, आणि त्याच्या वरच्या तीन पट्ट्या मुक्या होत्या.

दारावर उभं राहणाऱ्या बाईला आमच्याकडे अशर म्हणतात. आलेल्याला जागेवर बसवायचं. रडणाऱ्या पोराला आईसकट बाहेर न्यायचं. आत्म्याने भरून येऊन कोसळणाऱ्या बाईचा आधी चष्मा काढून घ्यायचा, मग बाईला धरायचं. आणि हे सगळं मुक्याने. अशर बोलत नाही, खुणा करते. उभं राहताना डावा हात पाठीमागे कमरेवर. एक बोट वर म्हणजे एक जागा रिकामी आहे. मूठ मिटून उघडली म्हणजे पुढचा बाक उठू दे. उजवा तळवा डाव्या मनगटावर म्हणजे आवरा आता. बावीस वर्षांत, मोजे हातात असताना, लुवीनियाच्या तोंडून चर्चच्या आत एक शब्द निघाला नव्हता. घरी ती भरपाई करायची, असं तिचा नवरा हयात होता तोवर सांगत असे.

आणि एक नियम सगळ्यांच्या वरचा. प्रार्थना चालू असताना दारातून कुणी आत येत नाही. एकदा पाळक रेव्हरंड बास्किन चष्मा आणायला बाहेर गेले आणि परत येईतो डीकन, म्हणजे पाळकाचा मदतनीस, ओथा पर्विस प्रार्थनेला उभा राहिलेला. लुवीनियाने तळवा पुढे केला. रेव्हरंड म्हणाले, "अहो सिस्टर, चर्च माझं आहे." तिने खुणेनेच वर बोट दाखवलं, म्हणजे त्याचं आहे. रेव्हरंड घरी गेले, रताळं भरून भाजलेल्या गोड 'पाय'चा एक तुकडा खाल्ला, कॉफी प्याले आणि परत आले, तेव्हा ओथा प्रार्थनेत जलप्रलयानंतर नोहाच्या तारवातले, म्हणजे जहाजातले, प्राणी उतरवत होता. जिराफ उतरायचे होते.

हा ओथा म्हणजे लुवीनियाच्या आयुष्यातली मोठीच कटकट. रेल्वे यार्डात कामाला, उंच, गळा विहिरीसारखा खोल. त्याची प्रार्थना सृष्टीच्या पहिल्या दिवसापासून सुरू व्हायची आणि एकही दिवस गाळत नसे. तरुणपणी तो लुवीनियाला मागणी घालायला गेला होता म्हणतात. पण प्रस्तावना एवढी लांबली की तोवर टॉलिव्हरने विचारलं आणि ती हो म्हणाली. ओथाने पुढे कोराशी लग्न केलं. कोराच्या कानात लहानपणापासून थोडा दोष होता, आणि संसार सुखाचा झाला.

पन्नास साली ओथा डीकन झाला. तेव्हापासून चौदा वर्षं, दर रविवारी, प्रार्थनेला सात मिनिटं झाली की लुवीनिया दारातून उजवा तळवा डाव्या मनगटावर ठेवायची. ओथाने एकदाही जुमानलं नाही.

"प्रार्थनेत डोळे मिटायचे असतात, सिस्टर," तो नंतर म्हणायचा. "खूण दिसणार कशी?"

"एक डोळा उघडा असतो तुमचा, ब्रदर. मागच्या टेबलावर कोंबडीचं तंगडं कोण उचलतंय ते बरं दिसतं."

आता मतदार नोंदणीबद्दल. कोर्टाच्या इमारतीत ते ऑफिस होतं. महिन्यातून दोन सोमवार उघडायचं, तेही दुपारी तीन ते चार. गोऱ्या माणसाला सही करायला मिनिट लागे. आपल्या काळ्यांतलं कुणी गेलं की कारकुनाला ज्ञानाची तहान लागायची. लुवीनिया दोनदा गेली होती. पहिल्यांदा तिला राज्यघटनेचा असा उतारा वाचायला दिला, जो कारकुनाला स्वतःला वाचता येत नव्हता. दुसऱ्यांदा त्याने विचारलं, "या इमारतीला पायऱ्या किती?"

त्याला माहीत नव्हतं की लॉन्ड्रीत लागण्याआधी सहा वर्षं त्या पायऱ्या तीच धूत होती.

"पुढच्या की मागच्या?" तिने विचारलं. "पुढच्या सतरा. मागच्या अकरा, त्यातली तिसरी हलते. कुणीतरी पडेल, बसवून घ्या."

कारकून उठून मोजायला गेला. परत आला तेव्हा धापा टाकत होता. "सोळा," म्हणाला, आणि तिच्या अर्जावर नापास लिहिलं. एक पायरी त्याने कुठे गाळली हे तिला मरेपर्यंत कळलं नाही. कळलं नाही याचंच तिला जास्त वाईट वाटायचं.

चौसष्टच्या मार्चमध्ये चर्चने ठरवलं की तिसऱ्या सोमवारी वीस जणांनी एकत्र चालत जायचं. घरून एकेकटं निघालं तर वाटेत एकेकटंच गाठलं जाई. फार आधी जाऊन उभं राहिलं तर विनाकारण गर्दी केली म्हणून आत टाकत. म्हणून दुपारी चर्चमध्ये प्रार्थनासभा, तिथून अडीचला निघायचं, चाळीस मिनिटांची वाट, आणि ऑफिस उघडं असताना रांगेत. यादीतलं विसावं नाव लुवीनियाचं होतं. तिने निळा लोकरी कोट उन्हात टाकला. राज्यघटनेतला तो उतारा इस्त्री करता करता पाठ केला; त्या आठवड्यात हॉटेलच्या तीन चादरी करपल्या.

शनिवारी बातमी आली ती कोराकडून. कोरा डेप्युटी लोनी हॅचरच्या आईकडे स्वयंपाकाला होती. लोनी हा शेरीफच्या हाताखालचा. जेवताना तो आईला म्हणाला, "सोमवारी दोनला बेथपेजवाल्यांना कोर्टाचा मनाईचा कागद द्यायचाय. पाळकाच्या हातात पडला की संपलं. चर्चमधून चारजण जरी एकत्र चालले तरी तुरुंग." कोराला कमी ऐकू येतं म्हणून बटाटे मागताना त्याने आवाज चढवला होता, आणि तो उतरवायचा राहिला. बटाट्यांबरोबर बाकीचंही तिला ऐकू आलं.

रविवारी उपासनेनंतर मागच्या खोलीत सगळे बसले. रेव्हरंड बास्किन म्हणाले, "कागद माझ्या हातात पडायच्या आत माणसं रांगेत पाहिजेत. एवढंच आहे सगळं."

"मग त्यांना दारात थांबवा," कुणीतरी म्हणालं.

"बिल्ला लावलेल्या माणसाला दारात थांबवायचं? कसं?"

 मग लुवीनियाने मान वळवून ओथाकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याच्याकडे गरज असल्यासारखं पाहिलं असावं. ओथाने कॉलर सारखी केली.

"लोनी हॅचर बॅप्टिस्ट आहे," ती म्हणाली. "गोरा बॅप्टिस्ट, पण बॅप्टिस्टच. त्याच्या आईने त्याला प्रार्थनेत चुळबुळ केली म्हणून कानाला धरून बाहेर काढलेलं कोराने पाहिलंय. तो प्रार्थनेतून चालत येणार नाही. त्याचे पायच उचलणार नाहीत."

"प्रार्थना तासभर चालावी लागेल," रेव्हरंड म्हणाले, आणि सगळी खोली ओथाकडे बघायला लागली.

ओथा हळूच म्हणाला, "म्हणजे तुम्ही सगळे माझ्याकडे लांब प्रार्थना मागताय. चर्चने. ठराव करून."

"फुगू नका," लुवीनिया म्हणाली. "कोर्टासमोरच्या सलूनमधून इथल्या टेलिफोनवर दोन घंटा वाजतील. म्हणजे माणसं रांगेत लागली. मग मी खूण करीन. उजवा तळवा, डावं मनगट. तोवर आमेन नाही. खूण दिसली की मात्र लगेच आमेन, कारण जास्त ताणलं तर त्यांना वास येईल. चौदा वर्षं जी खूण पाळली नाहीत, ती एकदा पाळा."

"पाळीन, सिस्टर. शब्द."

मग रेव्हरंडांनी यादी पुढे ओढली. "दार दुसरं कुणी बघेल. तुम्ही विसाव्या आहात."

लुवीनियाने दारावर उभं राहू शकणाऱ्या बायकांकडे एकेक करून पाहिलं. चांगल्या बायका होत्या. बिल्ला दिसला की भिंतीला चिकटतील अशा. तिने रेव्हरंडांच्या हातातली पेन्सिल घेतली आणि विसावं नाव स्वतः खोडलं. "एकोणीसच जाऊ द्या," म्हणाली. "पायऱ्या सतरा आहेत, म्हणावं. कुणी विचारलं तर."

सोमवारी दोन वाजून दहा मिनिटांनी गाडी आली. लुवीनियाने ठरल्याप्रमाणे एक बोट वर केलं आणि ओथा उभा राहिला. सत्तर डोकी खाली झुकली. "हे परमेश्वरा," ओथाचा आवाज आढ्याला लागला, "जेव्हा काहीच नव्हतं, आणि अंधार होता पाण्यावर..."

ती दारात बाहेर तोंड करून उभी राहिली. एक पाऊल उंबऱ्याबाहेर, ओट्यावर. ओटा म्हणजे चर्च नव्हे, त्यामुळे तिथे बोलायला तिला मुभा होती. डावा हात नेहमीसारखा पाठीमागे. फक्त आज ती पाठ आतल्या लोकांकडे होती.

लोनी हॅचर पुढे, मागे दुसरा डेप्युटी प्रूइट, हा नवीन होता. लोनीच्या हातात पिवळं पाकीट.

"बाजूला हो, मावशी. पाळकाला कागद द्यायचाय."

"मावशी?" लुवीनिया म्हणाली. "म्हणजे मी तुमच्या आईची बहीण? हे मिसेस हॅचरना माहीत आहे का? नाही, असेल तर आज दोन्ही घरांत बोलणं निघेल."

प्रूइटला हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात घातलं. लोनीच्या मानेवर लाली चढली. त्याने एक पाऊल पुढे टाकलं. लुवीनियाने उजवा तळवा वर केला, पांढराशुभ्र, खळीचा, त्याच्या छातीपासून वीतभर अंतरावर.

"प्रार्थना चालू आहे, सर."

आतून ओथाचा आवाज आला, "...आणि तू म्हणालास, प्रकाश होवो..."

लोनीचं पाऊल तसंच राहिलं. मग त्याचा हात वर गेला. लुवीनियाने नंतर कबूल केलं की तो हात बंदुकीकडे जातोय की टोपीकडे हे कळेपर्यंत तिने ओथाचा एक शब्दही ऐकला नाही. टोपी निघाली. लोनीने ती छातीशी धरली आणि मान खाली घातली.

"काय करतोयस?" प्रूइट कुजबुजला. "चल की आत."

"प्रार्थना चालू आहे."

"मग?"

"तू मेथडिस्ट पंथाचा आहेस," लोनी म्हणाला. "तुला नाही कळायचं."

पाठीमागे लुवीनियाची डावी मूठ मिटली आणि उघडली. डावीकडचा पहिला बाक उठला. मोजे घातलेली बोटं पाठीवर हलली आणि बाप्तिस्म्याच्या हौदामागच्या दारातून चौघं बाहेर गेली, मग तीन, मग पुन्हा चार. मागे राहिलेल्या बायका सरकत सरकत मोकळ्या जागेत पसरत होत्या. त्या दिवशी सगळ्यांनी ईस्टरच्या रुंद काठाच्या टोप्या घातल्या होत्या. एकेक टोपी दीड माणसाची जागा धरत होती. मूठ मिटे, उघडे. लोनी खाली आपल्या बुटांकडे बघत होता, प्रूइट मागे रस्त्याकडे. एकोणिसावा गेला तेव्हा ओथा तारू बांधत होता.

"याला किती वेळ लागतो?" प्रूइटने विचारलं.

"प्रभूची इच्छा," लुवीनिया म्हणाली.

"आमच्याकडे एवढ्यात दोन लग्नं लागतात."

"टिकतात का?"

आता फक्त थांबायचं होतं. पण वाट पाहणं हे लुवीनियाचं काम नव्हतं. तिचं काम होतं सभा वेळेवर चालवणं. ओथा प्राणी उतरवायला लागला. हत्ती. घोडे. खेचरं. ती सवयीने अर्धवट आत वळली, व्यासपीठाकडे तोंड करून, बावीस वर्षं वळायची तशी. जिराफ आले. तिच्या मनात आलं, पुन्हा जिराफ! आणि तिचा उजवा तळवा उचलला गेला आणि डाव्या मनगटावर जाऊन बसला.

तिला कळलं तेव्हा उशीर झाला होता. चौदा वर्षं आंधळा असलेल्या ओथा पर्विसला त्या दिवशी खूण दिसली. शब्द दिला होता ना त्याने. जिराफ तारवाच्या फळीवर अर्धे सोडून तो म्हणाला, "आणि हे सर्व आम्ही मागतो, तुझ्या पुत्राच्या नावाने..."

तीनला दहा कमी होती. माणसं अजून वाटेवरच्या गिरणीच्या पुलापाशीही पोचली नसतील. लोनीने डोळे उघडले. टोपी डोक्याकडे निघाली. रेव्हरंड बास्किन खुर्चीत बसले होते, हात मांडीवर, रिकामे, कागद घ्यायला तयार असल्यासारखे.

लुवीनियाने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं आणि तोंड उघडलं.

"आजाऱ्यांची नावं राहिली, ब्रदर पर्विस!"

उरलेल्या साऱ्या टोप्या एकदम मागे वळल्या. तिचा आवाज चर्चच्या आत कसा लागतो हे कुणालाच माहीत नव्हतं. पहिल्या बाकावरची म्हातारी सिस्टर युलेली नंतर म्हणायची, मला वाटलं खांबच बोलला.

ओथाने एक डोळा उघडला, तो नेहमीचाच. त्याने तिचा चेहरा पाहिला, आणि जे काय समजायचं ते समजला.

"आणि तुझ्या पुत्राच्या नावाने," तो म्हणाला, श्वास भरून घेत, "आम्ही सुरुवात करतो."

"आमेन!" लोक म्हणाले. "करा, ब्रदर, सुरुवात करा!"

त्याने आजारी घेतले. गल्लीनिहाय. गुडघे, पाठ, साखर, मोतीबिंदू. आजारी संपले तसे प्रवासात असलेले घेतले, मग तुरुंगात असलेले, मग ज्यांनी त्यांना तुरुंगात टाकलं ते. शेरीफच्या रक्तदाबासाठी प्रार्थना केली. टोपी हातात धरून लोनी पुन्हा मागेपुढे व्हायला लागला होता, तेव्हा ओथा म्हणाला, "आणि प्रभू, आयडेल हॅचर नावाच्या तुझ्या लेकीची आठवण ठेव. तिचं डावं खुब्याचं हाड रात्रंदिवस ठणकतं. जिना चढवत नाही तिला. मुलगा कामात गुंतलेला, घरी उशिरा येतो, विचारत नाही. पण तू विचार, प्रभू."

लोनीची मान इतकी खाली गेली की हनुवटी बिल्ल्याला टेकली. त्याने ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं. प्रूइट एव्हाना ओट्याच्या कठड्यावर बसला होता.

लुवीनिया या जागी गोष्ट सांगताना नेहमी थांबायची. "ते नाटक नव्हतं," म्हणायची. "ओथाने त्या बाईसाठी खरंच मागितलं. तेवढी तीन मिनिटं मी त्याला काही बोलत नाही. बाकीच्या अडुसष्ट मिनिटांबद्दल बोलेन."

तीन वाजून एकवीस मिनिटांनी मागच्या खोलीत टेलिफोन दोनदा वाजला आणि थांबला. ती दारात सरळ झाली. उजवा तळवा, डावं मनगट. ओथा वाक्याच्या मध्ये होता. त्याने ते तिथेच सोडलं. "आमेन."

लोनी आत गेला. लुवीनियाने त्याला रीतसर, हात पुढे करून, मधल्या वाटेने व्यासपीठापर्यंत नेलं, कारण पाहुण्याला एकटं सोडायची आमच्याकडे पद्धत नाही. रेव्हरंडांनी कागद घेतला, चष्मा शोधला, सगळा वाचला, मोठ्याने, दोनदा. तोवर प्रूइटची नजर बाकांवरून फिरत होती.

"हे कमी झालेत का?" तो म्हणाला.

"लांब प्रार्थना," लुवीनिया ओट्यावर परत येऊन म्हणाली. "गळतात काही."

चर्चच्या शंभर वर्षांच्या पुस्तिकेत हा दिवस विजयाचा म्हणून लिहिला आहे. झालं असं की एकोणीसजण चारपर्यंत रांगेत होते, सतरा पायऱ्यांवर सतरा आणि दोघं दाराशी. अकराजणांना अर्ज मिळाले. दोघं पास झाले, एक गवंडी आणि एक शिक्षिका, आणि शिक्षिकेची नोकरी जूनमध्ये गेली. लुवीनियाची लॉन्ड्री त्याच शुक्रवारी सुटली. मालक म्हणाला, करपलेल्या चादरींमुळे. पुस्तिकेत तिच्याबद्दल एक ओळ आहे: 'दाराची व्यवस्था, सिस्टर एल. टॉलिव्हर.'

पुस्तिकेत नाही ते असं. पुढच्या रविवारी अशर मंडळाची बैठक भरली आणि प्रार्थनेत बोलल्याबद्दल सिस्टर टॉलिव्हर यांना महिनाभर दारावरून दूर करण्यात आलं. मंडळाची अध्यक्ष तीच. तक्रार तिने मांडली, आरोपी म्हणून गुन्हा तिने कबूल केला आणि निकालही तिनेच वाचला.

ओथा चिडला. "अहो, त्या एका ओरडण्याने सगळं वाचलं!"

"त्या खुणेने सगळं बुडत होतं, ते ओरडणं तिची दुरुस्ती होती. आणि नियम नियम असतो. तुम्ही उभे राहा दारावर."

महिनाभर ओथा दारावर उभा राहिला. मोजे त्याच्या हातांना पुरे पडेनात, बोटांची टोकं उसवली, आणि प्रत्येक येणाऱ्याशी तो दहा मिनिटं बोलायचा. लुवीनिया तिसऱ्या बाकावर बसून सगळं पाहत होती. तिला फार सोसावं लागलं.

त्या शिक्षेमुळे पुढच्या नोंदणीच्या सोमवारी सभेचं दार तिच्याकडे नव्हतं, म्हणून तो तिला मोकळा मिळाला. ती गेली. तिसऱ्यांदा नापास झाली. पासष्टमध्ये मतदान हक्काचा कायदा आला, प्रश्न विचारणं बंद झालं, आणि त्या ऑगस्टमध्ये निळा लोकरी कोट घालून, घामाने निथळत, तिने सही केली. कारकून तोच होता. ती मागच्या दाराने उतरली. तिसरी पायरी अजून हलत होती. परत वर जाऊन तिने त्याला सांगितलं, आता मतदार म्हणून.

त्यानंतर सत्तावीस वर्षं ती दारावर होती. ऑर्गन आला, त्यावरून पुन्हा भांडण झालं, पण या वेळी कुणी बाहेर पडलं नाही. कारण बाहेर पडून काढायच्या नव्या चर्चला नाव काय द्यायचं यावर एकमत होईना. लोनी हॅचर आईच्या अंत्यविधीनंतर एकदा येऊन मागच्या बाकावर बसला. ओथाची प्रार्थना सुरू होण्याआधी लुवीनियाने त्याच्या हातात पंखा दिला आणि दुसराही शेजारी ठेवला.

ब्याण्णवच्या शरदात ती इस्पितळात होती. एक्याऐंशी वर्षांची, चादरीत मावेल एवढी. चादरींची इस्त्री तिला पसंत नव्हती. खिडकीत औषधाच्या दोन बाटल्यांवर कुणीतरी तिचे मोजे चढवून ठेवले होते. संध्याकाळी पाचला ओथा आला, काठी टेकत. कोरा आदल्या वर्षी गेली होती. त्याने टोपी काढली, पलंगाचा कठडा धरला, डोळे मिटले, या वेळी दोन्ही, आणि सुरुवात केली. जेव्हा काहीच नव्हतं, आणि अंधार होता पाण्यावर.

तो पाचव्या दिवसाच्या पाखरांपर्यंत आला तेव्हा दारात जेवणाचा ट्रे घेऊन बाई आली. आमच्याच चर्चमधली, मुरलेली. प्रार्थना ऐकून ती उंबऱ्याशीच थांबली. लुवीनियाने चादरीतून हात बाहेर काढला. उजवा तळवा सावकाश डाव्या मनगटावर ठेवला. ओथाला काही दिसलं नाही. तिने थोडा वेळ वाट पाहिली.

"आवर आता, ओथा," ती म्हणाली. "सूप गार होतंय."